दुसरी प्रत

तुमच्या गावात कोणाचं प्रेत कुठं न्यायचं, हे कोणी ठरवलं? ते कुठं लिहून ठेवलंय? आणि तो कागद आज कोणाच्या कपाटात आहे?

यातला तिसरा प्रश्न ओव्हाळ बाईंचा. पहिले दोन कोणालाही सुचतील. तिसरा सुचायला त्यांच्या वर्गात बसावं लागतं.

आमचं गाव मुळशीच्या धरणाकाठचं, पौडहून ताम्हिणीकडे जाताना लागणारं. नाव लिहीत नाही. लिहिलं की बाकीच्या गावांना वाटेल, चला, हे आपलं नाही.

सुमन ओव्हाळ आमच्या शाळेत इतिहास शिकवायच्या. त्या याच गावच्या, खालच्या बौद्धवस्तीतल्या. बुटक्या, काळ्यासावळ्या, चष्म्याची एक दांडी दोऱ्यानं बांधलेली. पर्समध्ये पावडर, कंगवा यांतलं काही नसायचं. दोन पेनं, एक फुटपट्टी आणि निळ्या शाईचा पॅड, पोस्टात असतो तसला. वर्गात त्या पुस्तकातलं मराठी बोलायच्या. राग आला किंवा कोणाची फार माया आली की एकदम गावाकडचं.

पौडच्या स्टँडवर एसटीची वाट बघताना त्या भजी घ्यायच्या आणि आधी कागद वाचायच्या. तेलानं पारदर्शक झालेला जुना पेपर उजेडाकडे धरून तारीख शोधायच्या. एकदा मी शेजारी उभा होतो. कागद उलटसुलट करून त्यांनी तो माझ्याकडे दिला. "तारीख फाटलीय. काही कामाचा नाही. तू भजी खा."

इतिहासाला आमच्याकडे किंमत नव्हती. डोंगरापलीकडे कंपन्यांच्या काचेच्या इमारती उभ्या राहत होत्या. रस्त्याकडेच्या जमिनी विकून घरोघरी दोन खोल्या भाड्यानं द्यायला निघत होत्या. हेडमास्तरांनी पालकसभेत सांगितलं, इतिहासाचा एक तास काढून संगणकाला देऊ. सगळ्यांनी माना हलवल्या. दत्ताचे वडील तर उभेच राहिले. दत्ता म्हणजे माझ्या बाकावरचा.

"बाई, राग धरू नका. पर इतिहास शिकून आमचं पोरगं काय तलवार चालवणार हाय व्हय?"

हशा झाला. बाईसुद्धा हसल्या. म्हणाल्या, "न्हाई ओ दादा. पर सही करायच्या आधी वाचंल तरी."

हशा थांबला. कारण त्या वर्षी गावात सह्या फार होत होत्या.

बाईंची शिकवायची पद्धत एकच होती. आठवीतल्या प्रत्येकानं गावातला एक म्हातारा नाहीतर म्हातारी धरायची आणि त्यांनी स्वतः पाहिलेली गोष्ट लिहून आणायची. ऐकलेली चालायची नाही. बाई त्याला साक्ष म्हणायच्या. साक्षीखाली सांगणाऱ्याचा अंगठा. त्या अंगठ्यासाठी बाई तो पॅड घेऊन स्वतः घरोघरी जायच्या, म्हातारीचा अंगठा शाईवर टेकवायच्या आणि नंतर आपल्या पदरानं पुसायच्या. त्यांच्या प्रत्येक साडीचा पदर निळा होता.

आणि तीन नियम होते. साक्ष वहीत लिहायची, ती वही शाळेच्या कपाटात राहायची, कारण घरी उंदीर आणि गळती. दुसरा: शेजारी बसणाऱ्यानं तिची प्रत आपल्या वहीत उतरवायची आणि घरी ठेवायची. "एकाची हरवते, दोघांची हरवत नाही," असं बाई म्हणायच्या. तिसरा: मूळ वही ज्यानं लिहिली त्याची. तो कधीही मागेल, त्याला द्यायची. मात्र नेण्याआधी वर्गापुढं उभं राहून त्यानं ती एकदा मोठ्यानं वाचायची.

हा तिसरा नियम लक्षात ठेवा.

एका जयंतीला तालुक्यातला एक पुढारी शाळेत भाषणाला आला. समोरच्या किल्ल्यावर काय काय पराक्रम झाले ते त्यानं असं सांगितलं की पोरं टाळ्या वाजवून वाजवून थकली. शेवटी "काही प्रश्न?" असं तो सवयीनं म्हणाला आणि शिक्षकांच्या रांगेतून एक हात वर झाला.

"साहेब, हे कोणी लिहून ठेवलंय?"

पुढारी हसला. "बाई, इतिहास रक्तात असावा लागतो."

"रक्तात साखर असते साहेब. इतिहास कागदावर असतो."

पहिल्यांदा हसली ती चहाचा ट्रे घेऊन उभी असलेली शिपाई मावशी. मग सगळे. पुढारीही हसला, पण जाताना हेडमास्तरांना त्यानं बाईंचं पूर्ण नाव विचारलं. आडनाव ऐकून "हां, मग बरोबर" एवढंच म्हणाला. त्या 'बरोबर'चा अर्थ आम्हाला तेव्हा कळला नाही. आता कळतो आणि डोकं फिरतं.

दरवर्षी मे महिन्यात बाई आम्हाला धरणात न्यायच्या. पाणी उतरलं की जुनं गाव वर येतं. जोती, पायऱ्या, जात्याची तळी, देवळाचा चौथरा. शंभरेक वर्षांपूर्वी पाणी आलं तेव्हा माणसं वर डोंगराला सरकली, गाव खाली राहिलं. बाईंनी साक्षींवरून नकाशा केला होता. त्या एकेकाला ज्याच्या त्याच्या घराच्या जोत्यावर उभं करायच्या. दत्ता वेशीजवळच्या मोठ्या जोत्यावर, मी देवळाच्या अलीकडं. मग स्वतः चिखल तुडवत दूर जायच्या, लांब ओढ्यापलीकडं, जिथं खालच्या वस्तीची जोती होती. वस्तीतली चार पोरं त्यांच्या मागून जायची. तिथून त्या तोंडाला हात लावून ओरडायच्या. त्यांचं तोंड हलताना दिसायचं. आवाज यायचा नाही.

परत आल्यावर विचारायच्या, "काय म्हणाले मी?"

"काय ऐकूच आलं न्हाई बाई!"

"तेव्हाही येत नव्हतं," त्या म्हणायच्या आणि हजेरी घ्यायला लागायच्या.

दत्तानं साक्षीसाठी आपल्याच आजोबांना धरलं. बाबूआप्पा. ऐंशीच्या पुढचे, तोंडात एक दात, पण आवाज असा की बैल दचकावा. मी बरोबर होतो, कारण प्रत मला उतरवायची होती. आप्पा ओट्यावर बसून सांगत होते आणि दत्ता लिहीत होता. त्यातलं मला जे आठवतं ते असं:

"मी आठ वर्साचा. बापाच्या धोतराला धरून हुबा व्हतो. खालच्या वस्तीतली मानसं आली. त्यांची मसनवट पान्यात गेली व्हती. काठाला कुटंतरी जाळायची, आन पान्याची पातळी चढली की राख बी जायची न् हाडं बी. बाप म्हनला, वरचा माळ घ्या. जांभळीपासनं मोठ्या खडकापातुर. म्हनला, माझी नातवंडं, पतवंडं, कुनी तुमाला आडवं येनार न्हाई. ह्ये मी माझ्या कानानं आयकलंय. लिव्ह."

दत्तानं लिहिलं. बाई आल्या, आप्पांनी अंगठा दिला. बाईंनी तो पुसला. जाताना आप्पा म्हणाले, "सुमे, तुझी आय बी तितंच हाय न्हवं?"

"व्हय आप्पा. जांभळीखाली."

माळ सातबाऱ्यावर दत्ताच्या घराण्याच्या नावावर. वापर वस्तीचा, तोंडी शब्दावर. तीन पिढ्या कोणाला त्यात काही गैर वाटलं नाही. मला तर त्यात बातमीसुद्धा दिसली नाही. आमच्या घरात पुस्तकं नव्हती, पत्रकं होती. वडील मोर्चाला गेले की गठ्ठा घेऊन यायचे. मी त्यावर वाचायला शिकलो. त्यामुळे मला मोठ्या अक्षरातला अन्याय लगेच दिसायचा. एका म्हाताऱ्यानं दिलेला शब्द मी शेजाऱ्याच्या वहीतून उतरवला आणि विसरलो.

पुढं मी पुण्याला आलो. खोली बदलताना शाळेच्या वह्यांचा गठ्ठा रद्दीवाल्याला दिला. तो सुतळी बांधत होता तेव्हा मी फोनवर कुठल्यातरी अन्यायाविरुद्धच्या सभेची वेळ ठरवत होतो.

आप्पा गेले. दत्ता सरपंच झाला. आता त्याला दत्ताशेठ म्हणतात.

गेल्या पावसाळ्यात दत्ता शाळेत आला. पुढचं मला बाईंनी सांगितलं आणि त्या वर्गात बसलेल्या एका मुलीनं सांगितलं. दोघींचं जुळतं, म्हणून लिहितो.

पांढरे कपडे, बाहेर गाडी चालू. वर्गात येऊन तो बाईंच्या पाया पडला.

"बाई, वळखलं का?"

"दत्ता. तिसरा बाक. काय काढलंस?"

"माझी वही व्हती बगा, आप्पांची साक्ष. आठवन म्हनून पायजे. आप्पा आता न्हाईत."

माळाच्या बांधावर मोजणीवाले येऊन गेले होते, हे बाईंना माहीत होतं. पाण्याकडं तोंड करून बंगल्यांचे प्लॉट पडणार, ही कुजबुजही त्यांच्या कानावर आली होती. वस्तीच्या वापराचा लिहिलेला पुरावा आख्ख्या गावात त्या कपाटातच होता आणि तो मागायला बरोबर माणूस आला होता. मागच्या बाकावर परीक्षेचे पेपर तपासत बसलेल्या एका शिक्षकानं मान हलवून देऊ नका म्हणून खुणावलंही.

बाईंनी कपाट उघडलं. वही शोधायला त्यांना वेळ लागला नाही.

"नियम माहीत हाय न्हवं?"

"व्हय की. वाचतो."

दत्तानं वाचलं. चाळीस पोरं ऐकत होती. सरपंच आपल्या वर्गात उभा राहून लहानपणीच्या अक्षरातलं वाचतोय, याचीच त्यांना गंमत. मसणवट, पाणी, वरचा माळ, जांभळी, खडक. वही मिटून तो म्हणाला, "झालं."

बाई खिडकीबाहेर बघत होत्या. "दत्ता, एक ओळ राहिली."

"चष्मा लागलाय बाई आता," दत्ता हसला. पुन्हा वही उघडली. "माझी नातवंडं, पतवंडं, कुनी तुमाला आडवं येनार न्हाई."

पोरांनी टाळ्या वाजवल्या. दत्तानं वही शर्टाच्या आत घातली, पावसात भिजू नये म्हणून. दारात थांबून वळला.

"बाई, दुसरी प्रत कुनाकडं असंल ओ?"

ती मुलगी म्हणाली, बाईंचा खडू खाली पडला आणि बाईंनी तो उचलला नाही.

त्याच दिवशी संध्याकाळी माझा फोन वाजला. बारा-तेरा वर्षांनी दत्ता.

"काय लेका, इसरला का आमाला? पेपरात लिवतुयास म्हनं. मोठा मानूस झाला." मग आईची चौकशी, कोण कुठं असतं, कोणाचं लग्न. आणि मग, सहज: "शाळंच्या वह्या हायेत का रं तुझ्या?"

"कुठल्या वह्या! कधीच रद्दीत गेल्या," मी हसून म्हणालो.

"बरं झालं," तो म्हणाला. "कचरा नुसता."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. जुना मित्र, म्हटलं. ज्याची भीती बाळगावी असं काही माझ्या कानावर आलं तर ते मोठ्या आवाजात येईल, अशी माझी समजूत होती.

दिवाळीत गावी गेलो तेव्हा माळावर लाल कापड बांधलेल्या खुंट्या होत्या. जांभळीला चुन्याचा पट्टा मारला होता. खडकाजवळ पिवळं मशीन उभं होतं, त्याच्या तोंडाला अजून माती लागलेली नव्हती. वस्तीतल्या एका म्हाताऱ्याला माती द्यायला माणसं गेली तर तिथं तारेचं कुंपण. "खाजगी जागा हाय," राखणदार म्हणाला. तो परप्रांतातला, हिंदी बोलणारा पोरगा. ही दोन मराठी वाक्यं त्याला पाठ करायला लावली होती. दुसरं होतं, "सरपंचांना इचारा." त्या म्हाताऱ्याला शेवटी पाण्याच्या काठावर नेलं.

मी तडक बाईंकडं गेलो. त्या दारात तांदूळ निवडत होत्या. मी ओरडलोच. वही दिलीच कशी? फोटो का नाही काढला?

"त्याला न इचारता? ती चोरी झाली."

"आणि त्यानं केली ती काय?"

"त्यानं स्वतःची वही नेली." त्यांनी सूप खाली ठेवलं. "हे बघ. आप्पानं अंगठा दिला तो मी नियम पाळीन म्हणून दिला. एका अडचणीला मी नियम मोडला असता, तर पुढच्या म्हातारीनं मला का सांगावं? आणि चाळीस पोरांनी ऐकलंय. वही एक होती, आता चाळीस प्रती झाल्यात."

मग मी रद्दीचं सांगितलं. दत्ताच्या फोनचंही. बाईंचा चेहरा बदलला नाही. त्यांनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि विचारलं, "कुठल्या रद्दीवाल्याला?"

"बाई, बारा वर्षं झाली."

"इचारायला काय जातंय."

त्या खरंच गेल्या. एसटीनं पुण्याला, पत्ता विचारत. रद्दीवाला दुकान विकून गावी गेला होता.

आणि मग मला कळलं की बाईंचा इतिहास आमच्या आख्ख्या तुकडीत एकालाच नीट समजला होता. दत्ताला. आम्ही मार्क मिळवून विसरलो. कागद म्हणजे काय, प्रत म्हणजे काय, साक्ष कोणाची आणि ती कुठं ठेवलीय, हे सगळं त्यानं लक्षात ठेवलं. इतिहासाचा उपयोग काय, असं तुम्हाला कोणी विचारलं तर इतिहासाच्या शिक्षकाकडं पाठवू नका. ज्याला जमीन हवी आहे त्याच्याकडं पाठवा. तो कपाटापर्यंत तुमच्याआधी पोचलेला असतो.

दत्तानं वही नेली त्या पावसाळ्यापासूनच सगळं हळूहळू झालं, आणि कोणी काही वाईट केलं असं म्हणताच येणार नाही अशा रीतीनं झालं. वर्गाला रंग द्यायचा म्हणून साक्षींचं कपाट मागच्या खोलीत नेलं. मागची खोली गळकी. आमच्याकडचा पाऊस माहीत आहे. त्यानं आठवड्यात वह्यांचा लगदा केला. शिपाई मावशीनं रडत तो टोपल्यानं बाहेर काढला. बाईंच्या निवृत्तीला वर्ष राहिलंय, म्हणून त्यांचा भार हलका करायचा ठरलं. इतिहास दुसऱ्यांना दिला. बाईंना वाचनालयाची किल्ली दिली. फळ्याशेजारी 'आजचा साक्षीदार' अशी एक छोटी पाटी असायची. रंग दिल्यावर ती कोणी परत लावली नाही.

वस्तीनं पौडच्या तहसील कचेरीत अर्ज केला. सुनावणी जूनमध्ये लागली. तिथल्या माणसानं सरळ सांगितलं, तोंडी नको, वहिवाटीचं काहीतरी लिहिलेलं आणा, नाहीतर ज्यांनी ऐकलं त्यांचे जबाब आणा. माझा मी दिला; एकट्याचा पुरणार नाही, म्हणाला. बाई पर्समध्ये शाईचा पॅड टाकून निघाल्या. ऐकणाऱ्या पोरांची चाळीस घरं. दोन घरांना मी बरोबर होतो.

"बाई, पोरगं लहान हाय. त्याला काय आठवतंय?"

"आठच महिने झालेत ओ."

"आजकालच्या पोरांचं तुमाला म्हाईतच हाय. मोबाईलमदी डोस्कं. च्या घेनार?"

दुसऱ्या घरी ती मुलगी होती, जिनं मला सगळं सांगितलं होतं. ओट्यावरूनच म्हणाली, "बाई, मला आठवतंय. जांभळीपासनं—"

तिच्या आईनं तिला दंडाला धरून आत ओढलं. दार लागलं. आतून आवाज आला, "आपल्या घराला रस्ता त्यांच्या शेतातनं हाय, कळतंय का तुला?"

चाळीस घरांतून एकही अंगठा मिळाला नाही. परत येताना बाईंनी पॅड उघडून बघितला. तो वाळून गेला होता. त्यात त्यांनी बाटलीतलं थोडं पाणी ओतलं आणि झाकण लावलं.

एसटीत आता त्यांच्या शेजारची जागा रिकामी राहते. कोणी भांडत नाही, शिवी देत नाही. "बाई, बरं हाय न्हवं?" असं विचारतात आणि पुढच्या सीटवर जाऊन बसतात. मला शिव्या परवडल्या असत्या.

या मे महिन्यात पाणी उतरलं. पोरांना धरणात न्यायला परवानगी मिळाली नाही. सुरक्षेचं कारण. बाई एकट्याच निघाल्या, मी मागून गेलो. वर माळावर पिवळं मशीन सुरू झालं होतं. त्याची घरघर खालपर्यंत येत होती. बाईंनी मला वेशीजवळच्या मोठ्या जोत्याकडं बोट दाखवलं.

"तितं हुबा ऱ्हा."

"ते दत्ताचं आहे बाई."

"म्हाईत हाय. तितंच हुबा ऱ्हा."

मी उभा राहिलो. त्या चपला हातात घेऊन चिखलातून चालत गेल्या. ओढा ओलांडला. आणखी पुढं. वस्तीच्या जोत्यांपाशी पोचल्या तेव्हा त्या अंगठ्याएवढ्या दिसत होत्या. वळल्या, तोंडाला दोन्ही हात लावले आणि काहीतरी ओरडल्या. मला ऐकू आलं नाही. त्या पुन्हा ओरडल्या. मशीनची घरघर, वारा, आणि ते हलणारं तोंड. परत आल्या तेव्हा काय म्हणालात, असं मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही. पण त्या मला काय सांगत असतील हे मला माहीत आहे, म्हणून हे लिहिलं.

बाईंनी तेवीस वर्षं इतिहास शिकवला. बाबूआप्पांना एकट्या दत्तानंच विचारलं होतं असं नाही. आधीच्या आणि नंतरच्या तुकड्यांतल्या पोरांनीही त्यांच्या ओट्यावर बसून माळाची गोष्ट लिहून घेतली होती. त्या मूळ वह्या भिजल्या. पण प्रत्येक पोराशेजारी एक पोर बसलेलं होतं. त्या प्रती शाळेत नव्हत्या, घरी होत्या. तुमच्या घरी.

तुम्ही मुळशीतल्या आमच्या शाळेत शिकला असाल, लग्न होऊन कुठं गेला असाल, कंपनीत लागला असाल, तर आज माळ्यावर चढा. आईला विचारा, जुन्या वह्या कुठं ठेवल्यात. तपकिरी कव्हर, आत शेजाऱ्याचं नाव, वर बाईंच्या अक्षरात 'दुसरी प्रत' असं लिहिलेलं असेल. रद्दीवाला दारात आला असेल तर त्याला थांबवा. वही सापडली की फोटो पाठवून गप्प बसू नका. वही घ्या आणि पुढच्या महिन्यात सुनावणीच्या दिवशी पौडला या. बाई स्टँडवर बाकावर बसलेल्या असतील. त्यांच्या शेजारची जागा रिकामी आहे. तिथं बसा.